कोई शक?

निरोप वरून खाली आणि खालून वर नीट पोचतो की नाही, याबद्दल लिहितोय, आणि सुरुवात चोरिसांच्या गोष्टीने. ती गोव्यात बऱ्याच जणांनी ऐकली असेल, तरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी परत सांगतो. १९६१ चा डिसेंबर. भारतीय सैन्य सीमेवर येऊन बसलेलं आणि इथल्या पोर्तुगीज फौजेकडे रणगाड्यांवर मारायचा दारूगोळा जवळजवळ नाहीच. आता हे रेडिओवर उघड उघड कसं मागणार, म्हणून म्हणे सांकेतिक शब्द ठरला होता, चोरिस. म्हणजे आपले सॉसेज, म्हापशाच्या बाजारात माळा लटकवलेल्या असतात तेच. इथून लिस्बनला निरोप गेला की चोरिस पाठवा, तातडीने पाठवा, आणि तिकडे ज्याच्या हातात तो कागद पडला त्याला संकेत काय ठरलाय ते कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे विमानातून खरोखरचे चोरिस आले. खायचे. पोर्तुगालमध्येही ही गोष्ट चवीने सांगतात. तिखटमीठ किती लागलंय देव जाणे, पण इतकी वर्षं ती टिकली याचं कारण मला तरी असं वाटतं की ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपल्या ऑफिसचा कोणीतरी आठवतो.

पण मला त्या फौजेबद्दल वाचताना जास्त खटकतं ते दुसरंच. १४ डिसेंबरला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने गोव्याचा गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वाला जो निरोप पाठवला तो. निदान आठ दिवस तग धरा, शरणागती नाही, युद्धकैदी नाहीत, आपले सैनिक आणि खलाशी एकतर विजयी होतील नाहीतर मरतील, असा त्याचा मथितार्थ. हा माणूस लिस्बनमध्ये बसून लिहितोय. गोव्यात एकही लढाऊ विमान नाही, माणसं चार हजारांच्या आसपास, आणि समोर अख्खी १७ वी इन्फंट्री डिव्हिजन, ५० पॅरा ब्रिगेड, शिवाय नेव्ही आणि एअरफोर्स. आता व्हासालो इ सिल्वाला हे दिसत नव्हतं का? दिसत होतंच, तो इथेच होता. पण वरच्याला ऐकायचंच नसेल तर खालच्याने बोलून काय होणार. निरोप वरून खाली येत होते, खालून वर काही गेलं तरी तिकडे ते कानाआड.

मग १८ तारीख उजाडली. आपल्या हंटर विमानांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवलं. त्यानंतर लिस्बनशी बोलायला उरला तो मुरगावच्या बंदरात उभ्या असलेल्या 'आफोंसो दि आल्बुकेर्क' या युद्धनौकेचा रेडिओ, आणि दुपारी त्या नौकेवरच आपल्या नौदलाच्या बेटवा आणि बियास या युद्धनौका चालून गेल्या. आपल्या नौका तोफा डागत होत्या आणि मध्ये मध्ये मोर्स कोडमध्ये शरण या म्हणून सांगत होत्या, आणि पोर्तुगीज कप्तान नांगर उचलून उलट त्यांच्याच दिशेने निघाला. तो जबर जखमी झाला. पुढचा भाग मला कायम विचित्र वाटतो, म्हणतात की कप्तानाला न सांगताच काही लोकांच्या दबावाने सिग्नलवाल्या सार्जंटने पांढरं निशाण चढवलं, आणि ते निशाण वाऱ्याने डोलकाठीलाच गुंडाळलं गेलं. म्हणजे वर कप्तानाला पत्ता नाही, समोर शत्रूला दिसत नाही, आणि ज्यांनी चढवलं त्यांना वाटतंय आपण सांगून मोकळे झालो. तोफा सुरूच.

शाळेत १९ डिसेंबरचं जे शिकवतात त्यात हे काही नसतं. आमच्या वेळी तर गोवा मुक्ती म्हणजे झेंडा, गाणी, आणि प्रमुख पाहुण्यांचं लांबलचक भाषण. मला हे सगळं कळायला लागलं ते बरंच उशिरा, आणि सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते बेतीने आणि आग्वादने.

बेती तुम्हाला माहीतच आहे, पणजीच्या समोरचा काठ, फेरी लागते तो. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० पॅरा ब्रिगेडकडे खरं तर उत्तरेकडून साथ द्यायचं काम होतं, मुख्य धडक १७ डिव्हिजनची. पण ही मंडळी एवढ्या झपाट्याने आली की १८ च्या संध्याकाळीच त्यांची एक तुकडी थिवीवरून बेतीला येऊन पोचली. समोर मांडवी, पलीकडे पणजी. तेव्हा मांडवीवर पूल नव्हता, पण नदी काय, होड्यांनी ओलांडता आली असती. अडलं कुठे, तर पुढचा हुकूम नव्हता. पलीकडे जायचं की नाही हे कोणी सांगितलेलं नव्हतं कारण एवढ्या लवकर कोणी पोचेल असं प्लॅनमध्ये धरलंच नव्हतं. मग तिथेच मुक्काम, काठ ताब्यात घेतला, आणि हुकूम आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यानंतर शीख लाइट इन्फंट्रीच्या कंपन्या पलीकडे गेल्या आणि पणजी विनाप्रतिकार हाती आली.

इथपर्यंत ठीक आहे, कोणाचं फार बिघडलं नाही. पण बेतीलाच ७ कॅव्हलरी या रणगाड्यांच्या पलटणीचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू होते. त्यांना कळलं की आग्वाद किल्ल्यात भारताच्या बाजूच्या लोकांना डांबून ठेवलंय. ते सोडवायला निघाले. किल्ल्यातल्या पोर्तुगीज शिपायांपर्यंत शस्त्रं खाली ठेवायचा हुकूम अजून पोचलेलाच नव्हता, त्यांनी गोळीबार केला, आणि त्यात मेजर सिद्धू आणि कॅप्टन विनोद सहगल दोघेही गेले. १९ च्या रात्री साडेआठच्या सुमाराला तर वास्कोला शरणागतीवर सह्या झाल्या. लढाईचा निकाल लागलेला होता हो, सगळ्यांना माहीत होतं की हे संपलंय, फक्त आग्वादच्या त्या तटावरच्या माणसांना नव्हतं. आता आग्वादला पर्यटक जातात, लाइटहाउसजवळ फोटो काढतात, मीही काढलेत. पण एक निरोप वेळेवर न पोचल्याची किंमत काय असते हे मला कोणी विचारलं तर मी मॅनेजमेंटच्या पुस्तकातलं काही सांगणार नाही, आग्वाद सांगेन.

आता तात्यांकडे येतो. तात्या म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, मूळचे सावंतवाडीकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन रिटायर झाले आणि पेडण्याला घर बांधून राहिले. बोलायला लागले की अर्धं मालवणी, अर्धं फौजी हिंदी. त्यांना मी एकदा विचारलं की तात्या, सैन्यात हुकूम म्हणजे हुकूम ना, मग त्यात समजावण्यासारखं काय असतं. तर त्यांनी मला सँड मॉडेल काय असतं ते सांगायला सुरुवात केली आणि तास गेला. जमीन साफ करून मातीचे डोंगर करायचे, नदीला निळी पूड, जंगलाला हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा, वाटेला दोरी, शत्रूच्या मोर्च्यांना काड्यापेटीतल्या काड्या. कंपनी कमांडर छडी घेऊन उभा राहणार आणि सगळं सांगणार, कोण कुठून, किती वाजता, कोणाच्या उजवीकडे कोण. मग तेच प्लाटून कमांडर आपल्या लोकांना सांगणार, मग सेक्शन कमांडर आपल्या. आणि शेवटी प्रत्येकाचा तोच प्रश्न, "कोई शक?"

आणि उत्तर काय येणार? एकसुरात "नहीं साब!"

तात्या म्हणाले, "अरे शक सगळ्यांका असता. पण पयलो हात कोण वर करतलो?"

त्यांचं म्हणणं असं की कच्चा साहेब तो "नहीं साब" ऐकून खूश होतो आणि चहाला जातो. पक्का साहेब मागच्या रांगेतला, नजर चुकवणारा एक जवान हेरतो, त्याला उभा करतो आणि म्हणतो, आता तू सांग, तुला काय करायचंय. त्याने नीट सांगितलं तर उरलेल्यांना समजलं असणार. त्याने चुकवलं तर परत पहिल्यापासून. आणि त्यात चिडायचं नाही, कारण एकदा चिडलात की पुढच्या वेळी तो जवान तुम्हाला हवं ते पाठ करून म्हणून दाखवेल आणि डोक्यात मात्र स्वतःचंच काहीतरी घेऊन जाईल.

हे मी प्रत्यक्ष पाहिलंय, सैन्यात नाही, गावच्या जत्रेत. तात्यांकडे पार्किंगच्या पोरांची जबाबदारी होती. देवळामागच्या अंगणात त्यांनी चुन्याने अख्खा रस्ता काढला, तिठा, देऊळ, शाळा, दुकानांची रांग, आणि पोरांना गोल उभं करून सगळं सांगितलं. मग आलंच, "कोई शक?" पोरं हसून नाही म्हणाली. तात्यांनी बर्म्युडा घातलेल्या एका पोराकडे बोट केलं. "तू सांग. दोडामार्गाकडसून गाडी इली तर खंय लावतलंस?" पोरगा बिनधास्त म्हणाला, शाळेच्या मैदानात. झालं, सगळे फिदीफिदी हसायला लागले, कारण शाळेचं मैदान रिकामं ठेवायचं हेच तर तात्या दहा मिनिटं सांगत होते. तात्या हसले नाहीत. ते म्हणाले, थांबा, याची चूक नाही, मी नुसतं रिकामं ठेवा म्हटलं, कशाला ते सांगितलंच नाही. मग त्यांनी दाखवलं की बंब आत घुसेल एवढं रुंद गेट गावात फक्त शाळेचं आहे, आणि दुकानांच्या रांगेत कुठे आग लागली तर पाइप तिथूनच पोचतो. त्या रात्री शाळेच्या गेटसमोर एका बड्या असामीची गाडी लावायला आली तेव्हा त्याच बर्म्युडावाल्याने ती परत पाठवली, आणि विचारल्यावर बंबाचं सगळं घडाघडा सांगितलं. नुसतं "तात्यांनी सांगितलंय" म्हणाला असता तर त्या गाडीवाल्याने त्याला बाजूला सारलं असतं.

हे 'कशाला' सांगणं. याचं आपल्याकडचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांचं १६७३ चं ते पत्र, चिपळूणच्या परिसरात पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या आपल्याच लष्कराच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं. भाजीच्या देठाची ओळ सगळ्यांना पाठ असते, भाषणात हमखास येते, ती महाराजांच्या दुसऱ्या एका पत्रातली, पण हे पत्र पूर्ण वाचा. रयतेला त्रास देऊ नका एवढं एका ओळीत लिहून शिक्का मारता आला असता. तसं केलेलं नाही. दाणा आणि वैरण जपून वापरा, आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात मिळणार नाही, मग घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कुणाचा दाणा आणाल, कुणाची भाजी आणाल, मग लोक म्हणतील यांच्यापेक्षा मोगल बरे. एकातून एक, साखळीच. आणि पुढे तर विस्तवाचं आहे, आगट्या करू नका, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, आणि एकदा गवत जळालं की मग कोणाच्या माना मारल्या तरी काडी मिळायची नाही. राजा माणूस उंदराचा विचार करून हवालदाराला लिहितोय! मला त्यातला उंदीर फार आवडतो. कारण हा उंदीर ज्याने छावणी आतून बघितलीय त्यालाच सुचतो, आणि वाचणाऱ्या हवालदारालाही लगेच कळतं की लिहिणाऱ्याला आपलं जगणं ठाऊक आहे.

मात्र हे सगळं झालं वरून खाली. माझ्या मते खरी गोची खालून वर येण्यात आहे. गोव्याची मोहीम दोन दिवसांत आटोपली, देशभर जल्लोष, आणि त्यानंतर दहाच महिन्यांनी चीनशी युद्ध आणि आताच्या अरुणाचलच्या सीमेवरची नामका चू नदी. तिथे थागला रिजवरून चिन्यांना हटवायचं असं वरून ठरलेलं. ३३ कोअरचे लेफ्टनंट जनरल उमराव सिंग सांगत होते की या कारवाईला काय काय लागेल, किती रसद लागेल, आणि ते तिथे पोचवणं आत्ता शक्य नाही. झालं काय, तर त्यांच्याकडून ती जबाबदारी काढून घेतली आणि ऑक्टोबर १९६२ च्या सुरुवातीला नवी ४ कोअर उभी करून जनरल कौल यांच्याकडे दिली. खाली नदीकाठी ब्रिगेडियर जॉन दळवींची ७ ब्रिगेड सुती कपड्यांत थंडीत बसलेली, त्यांचंही म्हणणं वेगळं नव्हतं. मधेच कौल आजारी पडले, दिल्लीला गेले आणि अंथरुणातून आदेश देत राहिले. २० ऑक्टोबरला चिनी तोफा सुरू झाल्या, टेलिफोनच्या तारा तुटल्या, ब्रिगेडचं आपल्याच बटालियनशी बोलणं बंद झालं. दोन दिवसांनी दळवी कैद झाले. तारा तुटल्या त्या २० तारखेला, पण बोलणं त्याच्या आधीच कधीतरी तुटलं होतं, कारण ज्याने नको ते सांगितलं त्याला बाजूला केल्याचं सगळ्यांनी बघितलं होतं. त्यानंतर दुसरा कोण बोलणार?

हे वाचताना मला आमची कंपनी आठवते, वेर्ण्याकडे आहे, नाव नको. ग्रुपवर साहेबांचा रात्री अकराला मेसेज पडतो आणि खाली अंगठ्यांची रांग, ओके सर, नोटेड सर, शुअर सर. एकदा एका मशीनचा गेज चुकीचं दाखवतोय हे नवीन पोराला कळलं होतं, पण त्याच्या आधी ज्याने असं काही दाखवून दिलं होतं त्याला महिनाभर नाइट शिफ्ट लागली होती, त्यामुळे हा गप्प. अख्खी बॅच फेकावी लागली. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, मला कोणी सांगितलं का नाही? आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो.

आता कोणी म्हणेल की सैन्यात काय चर्चा करत बसायचं का, मतदान घ्यायचं का. नाही हो. गोळी सुटली की तिथे "पण सर" ला जागा नाही, आणि तात्याही तेच म्हणतात, त्या क्षणी जो विचारत बसतो तो स्वतः मरतो आणि बाजूच्यालाही मारतो. पण तो क्षण सोडला तर सैन्याचं बाकीचं आयुष्य केवढं असतं! बराकी, लंगर, रजा, घरची पत्रं, वाट बघणं. विश्वास तिथे जमा होतो. म्हणून तर इंडियन आर्मीत दरबार असतो, सैनिक संमेलन म्हणतात, सीओ साहेब, म्हणजे पलटणीचा प्रमुख, सगळ्या जवानांसमोर बसतो आणि विचारतो, किसी का कोई पॉइंट? साध्या शिपायालाही उभं राहून बोलता येतं. शिवाय सुभेदार मेजर असतोच, तो साहेबाला जवानांचं सांगतो आणि जवानांना साहेबाचं, आणि तात्यांच्या मते पलटण खरी त्याच्यावर चालते (तात्या स्वतः सुभेदार होते, त्यामुळे हे जरा सवलतीने घ्या). अजून एक, मराठा पलटणीत आलेला अफसर केरळचा असो की पंजाबचा, त्याला मराठी शिकावीच लागते. तात्यांचा एक साहेब मोडकंतोडकं मराठी बोलायचा, "तुझी आई बरा आहे का" असं विचारायचा, पोरं मागे हसायची, पण ज्याची आई खरंच आजारी होती तो जवान त्याच साहेबाकडे जाऊन रडला.

यावरूनच परवा आमचं वाजलं. २०१७ च्या जानेवारीत बीएसएफच्या एका जवानाने जेवणाचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला होता, करपलेली पोळी आणि पाण्यासारखी डाळ, देशभर व्हायरल झाला, आठवत असेल. त्याच दिवसांत तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी आर्मीत तक्रार पेट्या ठेवायचं जाहीर केलं, सोशल मीडियावर जाण्यापेक्षा पेटीत टाका, थेट माझ्यापर्यंत येईल, असं. तात्यांना हे अजिबात पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, दरबारात जो उभा राहतो त्याचं तोंड साहेबाला दिसतं, घाम दिसतो, आवाज बसलेला कळतो, पेटीत फक्त कागद. आणि चीफपर्यंत कागद गेला म्हणजे मधले सगळे, कंपनी कमांडर, सुभेदार, सगळे नापास झाले, ते कोणी तपासणार की नाही?

मी म्हटलं, तात्या, तुमचं बरोबर आहे, पण ज्याचा त्रास त्याच्या कंपनी कमांडरचाच असेल त्याने दरबारात कोणासमोर उभं राहायचं? त्याला पेटी तरी हवी ना.

"मगे तो सुभेदार कित्याक आसा?" तात्या म्हणाले.

आणि सुभेदारही त्यातलाच असेल तर, हे मी विचारलं तेव्हा मावशी आतून ओरडली की जेवायला या आता, दोघे पण.